कॅप्टन दीपक साठे : फॉरवर्डमधले आणि फॉरवर्डबाहेरचे

रामदासपेठकर

माझे वडील वायुदलात तंत्रज्ञ होते. नोकरीची शेवटची वर्षे नागपूरच्या वायुसेना नगरात गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथलेच झालो. दरवर्षी ७ ऑगस्ट उजाडला की त्यांच्या फोनवरून घरच्या गटावर एक संदेश येतो. वर कॅप्टन दीपक वसंत साठे यांचा गणवेशातला फोटो असतो आणि खाली मजकूर असतो, की विमानाची चाके उघडत नव्हती, म्हणून कॅप्टनने विमानतळाभोवती तीन घिरट्या घालून टाक्यांतले इंधन संपवले, आपटण्यापूर्वी इंजिन बंद केले आणि स्वतःचा जीव देऊन प्रवाशांना आगीतून वाचवले. यंदा मी न राहवून म्हटले, ‘बाबा, यातले बरेचसे घडलेलेच नाही.’ त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला आणि विचारले, ‘माणूस तर खरा होता ना?’

त्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही, म्हणून हा धागा.

जे खात्रीने ठाऊक आहे तेवढे आधी मांडतो. साठे यांचे घर फौजी. वडील लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, आईवडिलांचे वास्तव्य नागपुरात. दीपक साठे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या ५८व्या तुकडीचे, ज्युलिएट स्क्वाड्रनचे. पुढे हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या वायुदल अकादमीतून जून १९८१मध्ये बाहेर पडताना ते ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’, म्हणजे सर्वोत्तम छात्राला मिळणारी मानाची तलवार, घेऊनच बाहेर पडले. लष्करात गेलेला त्यांचा भाऊ फिरोजपूरला रस्ते अपघातात गेला होता, त्यामुळे त्या तलवारीचे घरात कौतुक कसे झाले असेल, याचा विचार करताना मी थबकतो. लढाऊ विमाने, ‘गोल्डन ॲरोज’ म्हणून ओळखली जाणारी १७ क्रमांकाची स्क्वाड्रन, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक, आणि जून २००३मध्ये विंग कमांडर पदावरून निवृत्ती, असा बावीस वर्षांचा प्रवास. त्यानंतर एअर इंडियात एअरबस ३१० आणि शेवटी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये बोइंग ७३७. त्याच ‘गोल्डन ॲरोज’साठी पहिली पाच राफेल विमाने अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० रोजी, म्हणजे अपघाताच्या नऊच दिवस आधी. आपल्या जुन्या स्क्वाड्रनची ती बातमी त्यांनी पाहिली असेलच, असे मला उगाचच वाटत राहते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वायुदलात असतानाच एका विमान अपघातात त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती आणि सहा महिने ते रुग्णालयात होते, असे त्यांच्या नात्यातील एका ज्येष्ठांनी अपघातानंतर लिहिले होते. ते पुन्हा उडतील असे कोणालाही वाटत नव्हते. वडिलांना हे वाचून दाखवले तेव्हा ते एकच म्हणाले, ‘परत ए-वन-जी-वन मिळवणे म्हणजे काय, ते आम्हाला विचार.’ वायुदलात वैमानिकाला पूर्ण तंदुरुस्त ठरवणारी ही वैद्यकीय श्रेणी. कवटीला मार लागलेल्या माणसाला ती पुन्हा मिळवायची तर डोळे, कान, तोल, मेंदूचा आलेख, सगळ्या चाळण्यांतून एकेकदा नव्हे, अनेकदा जावे लागते. वडिलांनी अशी फाइल बंद झालेले दोन तरुण अधिकारी पाहिले होते. एक नंतर स्टोअर्सला बसायचा आणि विमान डोक्यावरून गेले की वर पाहायचा नाही.

७ ऑगस्ट २०२०च्या संध्याकाळी दुबईहून कोळिकोडला आलेले विमान तिथल्या करिपूर विमानतळाच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावर बांधलेल्या आणि टोकांना खोल उतार असलेल्या, धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात १९० माणसे होती. कॅप्टन साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जण गेले. दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, साठे यांच्या आईचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता.

इथे वायुदलातले, विमान कंपन्यांतले, कोळिकोडकडचे लोक आहेत. ठाऊक असेल ते लिहावे. ओळख नव्हती तर नव्हती म्हणावे, माझीही नव्हती.

क्रॉसविंड

धागा काढल्याबद्दल आभार. मीही आधी वायुदलात आणि मग दोन खासगी कंपन्यांत उडालो, सध्या घरी. साठे सरांशी माझी प्रत्यक्ष ओळख नव्हती. ते मला बरेच ज्येष्ठ. पण त्यांच्या पिढीच्या वैमानिकांकडून त्यांचे नाव ज्या सुरात घेतले जायचे, तो सूर मला माहीत आहे.

आधी त्या संदेशाचा निकाल लावतो. बोइंग ७३७मध्ये हवेतल्या हवेत इंधन ओतून टाकण्याची सोयच नसते आणि तीन घिरट्यांनी टाक्या रिकाम्या होत नाहीत. चाके नीट उघडलेली होती. आग लागली नाही हे खरे, आणि ते सर्वांचे नशीब. विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जे आहे ते कोणत्याही फॉरवर्डपेक्षा अधिक माणसाचे आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

पाऊस होता. पहिला प्रयत्न २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर झाला. त्या वेळी कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही आणि त्यांनी विमान वर घेतले. हा निर्णय अगदी योग्य होता. त्याच सुमारास दुसरे एक विमान उलट दिशेने, म्हणजे १० क्रमांकाच्या धावपट्टीवरून, निघण्याच्या तयारीत होते. नियंत्रण कक्षाने तीच धावपट्टी यांनाही देऊ केली आणि ती स्वीकारली गेली. धावपट्टी तीच, पण आता तोंड उलटे, त्यामुळे वारा पाठीमागून येऊ लागला. मागून वारा म्हणजे जमिनीच्या संदर्भात वेग जास्त, थांबायला अंतर जास्त, आणि वर पावसाने ओली झालेली डांबरी पट्टी. चाके टेकली तेव्हा मागचा वारा १४ नॉट्सचा होता आणि जमिनीवरचा वेग १६५ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. धावपट्टी ८,८५८ फुटांची, विमान टेकले ते ४,४३८ फुटांवर. अर्धी पट्टी हवेतच संपली होती.

त्या आधीच सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर घ्या, असे म्हटले होते. ते ऐकले गेले नाही, आणि त्यानेही नियमाप्रमाणे विमान आपल्या हातात घेतले नाही. दुसरीकडे जाण्याइतके इंधन होते, जवळपास विमानतळही होते. अहवालाने संभाव्य कारण म्हणून प्रमाणित कार्यपद्धती न पाळल्याचे नोंदवले आहे आणि त्यामागे यंत्रणेतल्या उणिवाही सांगितल्या आहेत. एक बारकावा मला विसरता येत नाही. कोळिकोडच्या तळावर कॅप्टन पुरेसे नव्हते, दुसऱ्या दिवशी सकाळचे तिथूनचे उड्डाण साठे सरांच्याच नावावर लावलेले होते, आणि काहीही करून कोळिकोडलाच उतरण्याच्या ओढीमागे तेही असावे, असे अहवाल म्हणतो.

आता माझे. हे मी कधीच कुठे लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री, विमानतळाचे नाव सांगत नाही, माझे विमान असेच तरंगत राहिले. शेजारी सव्वीस वर्षांची सहवैमानिक होती. ती म्हणाली, ‘सर, लाँग’, म्हणजे टेकायला फार पुढे जातो आहोत. आवाज इतका खाली, की जणू मला चहा हवा का विचारते आहे. मी तो ऐकला. ऐकूनही पुढे गेलो, कारण त्या क्षणी माझ्या हातांना खात्री होती की आत्ता टेकेल. टेकलेही. थांबलो तेव्हा पुढे लाल दिवे नको इतके जवळ होते. प्रवासी उतरून गेले तरी मी आसनाचा पट्टा सोडला नव्हता. मग तिला म्हटले, ‘पुढच्या वेळी ओरड.’ ती म्हणाली, ‘तुम्ही कॅप्टन आहात, सर.’ त्या रात्री मी स्वतःहून अहवाल भरला. त्याचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. माझी पट्टी कोरडी असण्याच्या जवळपास होती, वारा समोरून होता आणि पलीकडे दरी नव्हती. माझ्या आणि साठे सरांच्या मध्ये एवढाच फरक आहे. कौशल्यात ते माझ्या कितीतरी पुढे होते.

सायली_ना

मी वैमानिकाची मुलगी. त्यामुळे ‘कुटुंबवत्सल वैमानिक’ हे दोन शब्द एकत्र वाचले की मला थोडे हसू येते आणि मग येत नाही.

आमच्या घरी फ्रिजवर बाबांचा रोस्टर चिकटवलेला असे आणि कोणताही सण त्याला विचारूनच व्हायचा. माझा दहावा वाढदिवस अकरा दिवस आधी झाला, भाऊबीज एकदा तुळशीच्या लग्नाच्या दिवशी झाली. आईचे एक काम मला नेहमी डोळ्यांपुढे दिसते. बाबा आले की ती त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यांवरून चार सोनेरी पट्ट्यांच्या त्या खोळी ओढून काढायची आणि देवघराशेजारच्या वाटीत ठेवायची, कारण त्या धुवायच्या नसत. शर्ट धुऊन, इस्त्री होऊन आला की पुन्हा चढवायची. त्या वाटीत पट्ट्या असल्या म्हणजे बाबा घरी आहेत, हे शाळेतून आल्या आल्या कळायचे.

साठे काकांच्या आईने अपघातानंतर वार्ताहरांना जे सांगितले ते मी तेव्हा पाहिले होते. करोनाच्या दिवसांत तो मला सारखा बजावायचा, घराबाहेर पडू नकोस, तुला काही झाले तर मला सगळ्यात वाईट वाटेल, अशा अर्थाचे त्या बोलल्या होत्या. टेबल टेनिसमध्ये, घोडेस्वारीत तो पुढे होता हेही त्यांनी सांगितले. गुजरातेत पूर आला तेव्हा त्याने जवानांच्या मुलांना खांद्यावर बसवून बाहेर काढले होते, हेही. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाच्या टेबल टेनिसबद्दल त्याची आई बोलते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कोणत्या वयाचा मुलगा असतो, ते सांगायला नको.

आणि त्या वाढदिवसाबद्दल. जमले, विमान मिळाले तर नागपूरला अचानक जाऊन आईला चकित करायचे, असे ते नातेवाइकांपाशी बोलले होते, असे तेव्हा छापून आले होते. मार्चनंतर त्यांची आईवडिलांशी भेट नव्हती. क्रॉसविंड सर, तुम्ही लिहिलेल्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या उड्डाणाशी हे जुळत नाही, आणि ते जुळवण्याचा प्रयत्नही मला करावासा वाटत नाही. आमच्या घरातही बाबा एकाच तारखेला दोन ठिकाणी असायचे. रोस्टरवर मस्कत आणि बोलण्यात माझे स्नेहसंमेलन. दोन्ही ते मनापासून म्हणायचे.

पत्नी, दोन मुलगे, एक परदेशात. मुलगा येईपर्यंत थांबून ११ ऑगस्टला विक्रोळीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. करोनाकाळ असल्याने आम्ही ते टीव्हीवर पाहिले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ते साठे काकांना ओळखत नव्हते, कंपनीही वेगळी होती.

सातपुडा_७१

सर्वांचे लेखन वाचले. क्षमा करून एक बोलतो. गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे बरे तेवढेच बोलतात. श्रद्धांजलीच्या धाग्यावर किती फुटांवर चाके टेकली याचे गणित मांडणे मला तरी प्रशस्त वाटले नाही. दोन्ही वैमानिक उत्तर द्यायला उरलेले नाहीत आणि मेलेल्याच्या माथी मारणे सगळ्यांनाच सोयीचे असते, हा आपल्या देशातला अनुभव आहे. त्यांच्या घरचे कोणी हे वाचत असेल तर?

क्रॉसविंड

सातपुडा, आपला आक्षेप मी मनाला लावून घेतला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितो आहे.

माथी मारण्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. बंद पडलेला वायपर, एका तळावर कॅप्टनांची टंचाई, मागून वारा असताना देऊ केलेली धावपट्टी, यांची नावे बातमीच्या मथळ्यात येत नाहीत. वैमानिकाचे येते. म्हणूनच मी मथळ्यावर न थांबता आतले लिहिले.

पण गणित मी त्यांच्याविरुद्ध मांडलेले नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला याच कंपनीचे याच जातीचे विमान, तेही दुबईहून आलेले आणि तेही टेबलटॉप धावपट्टीवरून, असेच पुढे जाऊन दरीत गेले. १६६पैकी आठ वाचले. तिथेही सहवैमानिकाने गो-अराउंड सांगितले होते. दहा वर्षे आणि अडीच महिन्यांनी तोच शब्द तशाच कॉकपिटमध्ये पुन्हा वाया गेला. मंगळूरचे फूट आणि नॉट्स ज्यांनी वाचायला हवे होते त्यांनी पुरेसे वाचले असते, तर साठे सर कदाचित त्या सकाळी आईला फोन करू शकले असते. नागपूरला नसते गेले, पण फोन केला असता.

आणि दुसरे. फॉरवर्डमधला नायक चूक करत नाही, कारण त्याला करायला काही उरलेलेच नसते. चाके त्याची बिघडलेली, इंजिन त्याने बंद केलेले. त्याच्यात आणि या माणसात मला साम्य दिसत नाही. स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेला, डोक्याला मार लागूनही परत उडालेला, दहा हजार तासांच्या वर उडालेला, त्याच विमानतळावर किमान सत्तावीस वेळा उतरलेला माणूस पुन्हा एकदा पावसात पुढे पाहतो आहे आणि त्याला वाटते की टेकेल. ही खात्री त्या तासांतूनच आलेली होती. मी ज्या संस्थेत उड्डाण शिकलो तिथे आम्हाला हात तयार करायला शिकवले. तयार हातांवर संशय घ्यायला फार नंतर, आणि घाईघाईत शिकवले.

त्यांच्या घरचे कोणी वाचत असेल तर, एका वैमानिकाच्या मनात त्यांच्याबद्दल आदर तसूभरही कमी झालेला नाही, एवढे त्यांनी वाचावे.

अखिलेश कुमार यांचेही नाव या धाग्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवे. मथुरेचे, वय ३२, पत्नीचे दिवस भरत आलेले. त्यांनी म्हणायचे ते म्हटले होते.

विटेकर_कोळिकोड

नमस्कार. आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. सोने-चांदी गाळण्याचा म्हणजे गलाईचा आमचा व्यवसाय, आजोबांपासून केरळात. माझा जन्म विट्याचा पण शाळा इथली, तेव्हा मराठीत कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. धागा आमच्या गावाकडच्या मित्राने पाठवला.

त्या दिवशी आम्ही सगळे घरातच होतो. आदल्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडीला चहाच्या मळ्यातल्या कामगारांच्या वस्तीवर डोंगर आला होता, टीव्हीवर दिवसभर तेच. बाहेर पाऊस. कोंडोट्टीचा परिसर करोनामुळे बंद केलेला. रात्री आठच्या आसपास आमच्या कारागिराचा फोन आला की विमान पडले. मला वाटले, पेट्टिमुडीचेच काही सांगतो आहे.

मी तिथे पोहोचलो तेव्हा पोरे आधीच आत होती. जवळच्या वस्तीतले लोक धावत गेले होते. ज्याच्याकडे जे वाहन होते त्यात जखमींना घालून कोळिकोडला, मलप्पुरमला नेत होते. मास्क कोणाच्या तोंडावर, कोणाच्या गळ्यात. माझ्या ओम्नीत दोन बायका आणि एक पुरुष बसवला. मागच्या बाकावर दुकानातली मुशींची, म्हणजे सोने वितळवायच्या भांड्यांची, पेटी होती, ती मी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच सापडली, आत पाणी भरलेले. परतताना फोनवर एका लहान मुलीचा फोटो आला, खाली मल्याळममध्ये एवढेच की ही रुग्णालयात सुखरूप आहे, हिचे कोण आहे. असे दोन-तीन फोटो त्या रात्री फिरत होते. रक्तपेढीपुढे मध्यरात्रीनंतरही रांग होती. मग आम्हा सगळ्यांना चौदा दिवस घरात बसवले. मदतीला गेलेल्या काही जणांना आणि मलप्पुरमच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही नंतर लागण झाली.

आता पायलट साहेबांविषयी. सकाळी बातम्यांत ‘साठे’ हे नाव आले तेव्हा आमच्या गल्लीतले लोक मला विचारू लागले, ‘तुमच्या गावचे का?’ मी सांगायचो, नागपूर आमच्यापासून फार लांब. पण त्यांच्या लेखी मराठी म्हणजे एकच गाव. शेजारच्या उम्माने (इकडे मुसलमान घरांत आईला उम्मा म्हणतात), त्यांचे दोन मुलगे आखातात आहेत, मला खिडकीतून हाक मारून सांगितले, की त्यांच्या आईला निरोप देता येत असेल तर दे, आमची मुले आणायला गेला होता तो. अहवाल पुढे वर्षाने आला, इथल्या वर्तमानपत्रांत पानेच्या पाने छापून आला. उम्मांनी तोही वाचून घेतला असणार, त्यांचा नातू वाचून दाखवतो. त्यानंतरही त्यांच्या तोंडी ‘आणायला गेला होता’ हेच वाक्य आहे.

वाचलेल्या प्रवाशांनी आणि गेलेल्यांच्या नातेवाइकांनी २०२२मध्ये मिळालेल्या भरपाईतून वर्गणी काढून, मदतीला धावलेल्या त्या वस्तीसाठी आरोग्य केंद्राची इमारत बांधून द्यायचे ठरवले. त्यासाठी पन्नास लाखांची गोष्ट चालली होती. तिकडे बहुधा ही बातमी पोहोचली नसेल, म्हणून लिहिले.

सायली_ना

विटेकर दादा, तुमच्या मराठीत काहीही कमी नाही.

‘आणायला गेला होता’ यावरून आठवले. रामदासपेठकर काका, तुम्ही ज्यांचा उल्लेख केला त्याच नातेवाइकांनी आठवडाभर आधी झालेल्या शेवटच्या फोनबद्दल लिहिले होते. करोनात परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेच्या फेऱ्या मेपासून चालू होत्या आणि आपण लोकांना घरी आणतो आहोत याचा साठे काकांना अभिमान वाटत होता. त्यांना विचारले, की ते देश प्रवासी घेत नाहीत, मग जाताना विमान रिकामेच नेता का? तर ते म्हणाले, छे, रिकामे कधीच नाही, फळे, भाज्या, औषधे घेऊन जातो. मला हा तपशील त्या तलवारीहून जवळचा वाटतो. बाबाही असेच सांगायचे. आज खाली आंबे होते, आज खाली फुले होती, आज एका घोड्याचे औषध होते. प्रवाशांबद्दल कधी बोलायचे नाहीत.

सातपुडा_७१

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण क्रॉसविंड यांचे उत्तर पटले. विशेषतः फोनचे.

अहमदाबादच्या अपघाताबद्दलही काही लिहावेसे वाटत होते.

रामदासपेठकर

सातपुडा साहेब, विनंती आहे की तो विषय इथे नको. त्याचा अंतिम अहवाल येईल तेव्हा वेगळा धागा काढू. अर्धवट माहितीवर एका कॅप्टनविषयी काय काय लिहिले जाते, ते आपण एकदा पाहिले आहे.

वडिलांना हा सगळा धागा काल रात्री वाचून दाखवला. क्रॉसविंड यांच्या पहिल्या प्रतिसादाला त्यांनी दोनदा थांबवले. एकदा वायपरपाशी, कारण त्यांनी आयुष्यभर असलीच कामे केली आणि ‘स्नॅग लिहिला होता का?’, म्हणजे बिघाडाची नोंद केली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसऱ्यांदा ‘सर, लाँग’पाशी. तिथे काही बोलले नाहीत. विटेकरांच्या पेटीत पाणी भरले होते हे ऐकून मात्र म्हणाले, ‘मुशी वाळवल्या असतील ना नीट?’

मग मला म्हणाले, जुना मजकूर काढ, मी सांगतो तो लिही. त्यांनी सांगितले ते असे :

‘विंग कमांडर दीपक वसंत साठे, नागपूर. वायुदलात २२ वर्षे. मोठ्या अपघातानंतर पुन्हा ए-वन-जी-वन. करोनात परदेशातून माणसे आणत. जाताना विमानात भाजी, फळे, औषधे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात उतरताना चूक झाली. बरोबर अखिलेश कुमार होते, त्यांनी सांगितले होते. ८ तारखेला आईचा वाढदिवस होता.’

फोटो तोच ठेवला. ‘चूक झाली’ हे शब्द त्यांनी एकदा खोडायला लावले आणि पाण्याचा पेला संपल्यावर परत घालायला लावले.

संदेश गटावर गेला. पाच मिनिटांत अकोल्याच्या आत्याचा प्रश्न आला, ‘दादा, त्या तीन घिरट्या राहिल्या का?’ वडिलांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि एका बोटाने, बराच वेळ लावून, उत्तर लिहिले : ‘घिरट्या नव्हत्या. दोनदा उतरून पाहिले. बाकी तू आलीस की सांगतो.’